लांडग्याचा वाटा

आमच्यात रोज संध्याकाळी मेंढरं मोजायची पद्धत होती. अजून आहे. वाघूर लावून झाली की एक जण तोंडाशी उभा राहतो, दुसरा मेंढरं आत सोडतो आणि जोड्या-जोड्यांनी मोजायचं. आजा मोजायचा तेव्हा बोट हलवायचा नाही की ओठ हलवायचा नाही. काठीवर हनुवटी टेकवून नुसता बघत राहायचा. शेवटचं मेंढरू आत गेलं की म्हणायचा, "बराबर हाय," नाही तर, "एक कमी हाय." कमी असलं की आबा कंदील घेऊन माघारी जायचे. कधी मेंढरू काट्यात अडकलेलं सापडायचं. कधी ओढ्याच्या वळणाला नुसता लोकरीचा पुंजका आणि रक्ताचा डाग असायचा. आबा येऊन एवढंच सांगायचे, "लांडगं." आजा म्हणायचा, "बरं. वाटा गेला." आणि भाकरीला बसायचा.

लहानपणी मला तो वाटा अगदी खराच वाटायचा. गावात सुताराला बलुतं, न्हाव्याला बलुतं, गुरवाला बलुतं. बिरोबाच्या जत्रेला एक बकरं. तसं वरसाला लांडग्याला दोन-चार मेंढरं. कुठं तरी लिहून ठेवलं असणार, असं वाटायचं. आजाला लिहिता येत नव्हतं, हे लक्षात यायला बरीच वर्षं गेली.

आमची वाडी माण तालुक्यात. पावसाच्या सावलीतला मुलूख. कुसळाचा माळ, बाभळी, तरवड, आणि दिवाळी झाली की कोरडे ठाक पडणारे ओढे. म्हणून दिवाळी झाली की आमचे वाडे हलायचे. घोड्यावर भांडी, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरं आणि चालता न येणारी पोरं. मी स्वतः तीन वर्षांचा होईपर्यंत घोड्यावरनं गेलोय, असं आय सांगायची. नीरेच्या काठाकाठानं बागायती गावं धरत जायचं, शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी नाही तर पैसे घ्यायचे आणि मिरगाच्या आधी माघारी यायचं. शहरातल्या माणसाला वाटतं धनगर भटकतो. भटकत कोणी नाही. कोणत्या गावात कोणाच्या रानात किती रात्री बसायचं, हे आज्या-पणज्यापासून ठरलेलं असायचं.

१९८५ च्या पौषातली गोष्ट. मी बारा वर्षांचा. वाडा इंदापूरच्या माळाला होता. त्या रात्री अवकाळी पाऊस आला. असा पाऊस आला की मेंढरू बावरतं; एकमेकांच्या अंगाखाली डोकी घालून गोळा होतं. विजांच्या कडकडाटात वाघुरीचे दोन खुंट उपटले आणि निम्मी मेंढरं बाहेर पडली. कुत्री ओरडत होती, पण पावसात कशावर ओरडतायत ते कळेना. उजाडलं तेव्हा माळावर अकरा मेंढरं पडलेली. सगळ्यांच्या गळ्याला दात. त्यातलं एकच खाल्लेलं होतं. उरलेली दहा नुसती मारून टाकलेली.

आजा त्या अकरांमधनं फिरला. या वेळी तो वाटा म्हणाला नाही. काहीच म्हणाला नाही.

माझा थोरला भाऊ तेव्हा वीस-एकवीसचा. त्याचं लगीन ठरलेलं होतं, आणि त्या अकरातली सहा मेंढरं विकून लग्नाचा खर्च निघायचा होता. तो दुपारी गावात गेला आणि उसावर मारायच्या औषधाची बाटली घेऊन आला. ज्या शेतकऱ्याच्या रानात आम्ही बसलो होतो त्यानंच दिली. एक मेलेलं मेंढरू फाडून त्यानं ते औषध आत ओतलं आणि ओढ्याच्या अंगाला टाकून आला. आबांनी बघितलं. आडवलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोन लांडगे सापडले. एक नर होता आणि एक मादी. मादीच्या आचळांना दूध होतं. पौष म्हणजे त्यांच्या पिलावळीचे दिवस, हे सगळ्या धनगरांना ठाऊक असतं, थोरल्यालाही होतं. गावातली माणसं बघायला आली, थोरल्याच्या पाठीवर थाप मारून गेली. पोरांनी शेपटीला धरून नर गावभर ओढत नेला. मी त्यांच्या मागनं गेलो होतो, हे इथं सांगायला पाहिजे.

दुपारी आमचा मोत्या सापडला. खिळ्यांचा पट्टा घातलेला आमचा कुत्रा, सात वर्षं वाड्याची राखण केलेला. तो ओढ्यापर्यंत कधी गेला ते कुणालाच कळलं नव्हतं. त्याच्या तोंडाला फेस होता आणि पाय ताठ झाले होते. आयनं त्याचा पट्टा काढून घेतला आणि त्याला खड्ड्यात ठेवून वर धोंडे रचले. थोरल्यानं त्या दिवसानंतर मोत्याचं नाव काढलं नाही. आजही काढत नाही.

रात्री आजा जेवला नाही. ओढ्यापलीकडनं पिलांचा आवाज येत होता, असं तो म्हणाला. आम्हा कुणाला ऐकू आला नाही. आबा म्हणाले, "म्हातारपणी कान वाजत्यात." आजा पुढच्या सालापर्यंत जगला, पण त्यानं मेंढरं मोजायचं सोडून दिलं. मोजायला आबा उभे राहू लागले.

एवढ्या मेंढरांत दोन भावांचं भागणार नव्हतं. दहावी होऊन मी १९९१ ला भरतीला उभा राहिलो आणि फौजेत ड्रायव्हर झालो. सहा वर्षांनी लडाखला बदली झाली. विमानातनं उतरलं की पहिले सहा दिवस नुसतं पडून राहायचं, हळूहळू चालायचं, जोरात हसायचंसुद्धा नाही. हवेला सरावल्याशिवाय वर सोडत नाहीत. मग मला चांगथांगच्या बाजूला एका तळावर धाडलं. चौदा हजार फुटांच्या वरचा मुलूख. झाड म्हणून नाही. पातेल्यात डाळ तासन्‌तास उकळते आणि शिजत नाही. बाकीची पोरं पहिल्या आठवड्यात रडकुंडीला आली. मला मात्र पहिल्याच दिवशी गाडीच्या काचेतनं एक डोंगर दिसला, आणि त्याच्या उतारावरनं मेंढरं-बकऱ्या खाली येताना दिसल्या, आणि मागं एक म्हातारा, हातात दगड फेकायची गोफण. मी गाडी थांबवली. शेजारचा हवालदार म्हणाला, "काय झालं?" मी म्हणालो, "काय नाय, इंजान तापलंय." शून्याच्या खाली अठरा होतं.

तिथले ते धनगर म्हणजे चांगपा. याकाच्या केसांचा काळा तंबू, त्याला ते रेबो म्हणतात. दगडांचे वाडगे. वरसातनं पाच-सात वेळा तळ हलवायचा, गवताच्या मागनं. कोण कुठं बसणार ते गावाचा मुखिया ठरवतो. हे ऐकल्यावर मी त्या म्हाताऱ्याला म्हणालो, आमच्यात पण असंच. त्याची हिंदी माझ्यापेक्षा कच्ची होती. त्यांच्यात आज्याला मेमे म्हणतात, म्हणून मीही मेमे म्हणू लागलो. पहिल्यांदा त्याच्या कळपात गेलो तेव्हा मी एका बकरीच्या जबड्याखाली हात घालून चाचपून बघितलं, सूज आहे का. आमच्याकडं पोटातल्या जंतांनी मेंढरू लागलं की तिथं पाणी धरतं. म्हातारा खो-खो हसला. "फौजी, तुम भी बकरीवाला?" त्यानंतर त्यानं मला कधी चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. त्यांचा लोणी आणि मीठ घातलेला चहा पहिल्या महिन्यात मला ओकारी आणायचा. पुढं त्याच्याशिवाय चैन पडेना.

उन्हाळ्याच्या तोंडाला त्या बकऱ्यांची पश्मीना निघते. कातरत नाहीत, बकरीचे पाय बांधून लोखंडी फणीनं विंचरून काढतात. दाट केसांच्या खाली जो मऊ थर असतो तो. एका बकरीमागं पाव किलोच्या आसपास. त्या पाव किलोला जो भाव मिळायचा तो ऐकून मी मनातल्या मनात आमच्या लोकरीचा हिशेब केला. आमची मेंढरं वरसातनं दोनदा कातरतात. आज्याच्या वेळी सनगर दारात येऊन लोकर घेऊन जायचे आणि घोंगडी विणायचे. आज ती लोकर बांधाला फेकून देतात, जाळली तर वास मारते म्हणून जाळतही नाहीत.

मेमेच्या मुलखात रानटी जनावर भरपूर. क्यांग म्हणजे रानगाढवं, पन्नास-पन्नासाच्या टोळ्यांनी गाडीबरोबर पळायची. बिळाच्या तोंडाशी उभ्या राहून शिट्ट्या मारणाऱ्या मार्मोट. तळ्याकाठी काळ्या मानेचे क्रौंच, जोडीनं. मी कौतुकानं क्यांग दाखवायचो तर मेमे तोंड वाकडं करायचा. त्याच्या बकऱ्यांचं गवत ती खातात, असं त्याचं म्हणणं. बरोबर होतं त्याचं. जनावराचं कौतुक गाडीतल्या माणसाला, गवताचा हिशेब चालणाऱ्याला.

लोक मला आजही पहिलं विचारतात, हिम बिबट्या बघितला का? नाही बघितला. त्याचा एका बर्फाच्या पट्ट्यावरनं गेलेला पायाचा माग तेवढा बघितला. त्याला तिथं शान म्हणतात. तो वाडग्यात उडी मारतो आणि आतलं जनावर घाबरून इकडंतिकडं पळायला लागलं की एकामागनं एक मारत सुटतो. एका रात्रीत पंचवीस-तीस मेंढरं गेलेल्या गोष्टी मी ऐकल्या. आता अनेक गावांनी वाडग्यावर तारेची जाळी टाकून घेतलीय, दाराला फट ठेवत नाहीत. लोक शान दाखवायला पाहुणे घरात ठेवतात, त्यांना पैसे मिळतात. सरकारनं २०२४ च्या जानेवारीत मोजणीचा आकडा सांगितला, देशात ७१८, त्यातले ४७७ एकट्या लडाखात. चांगली गोष्ट आहे. पण लांडग्याला बघायला कोण लाख रुपये खर्च करून येतो? तो शानाएवढीच जनावरं मारतो, दिसायला गावठी कुत्र्यासारखा, आणि लपत नाही. लांडग्याचं नशीब इंदापुरात जसं, तसंच चांगथांगात.

मेमेनंच मला शांगदोंग दाखवला. लांडग्याला ते शंकू म्हणतात. शांगदोंग म्हणजे लांडग्याचा खड्डा. उताराला माणसापेक्षा उंच दगडी भिंतीचा गोल. बाहेरनं बघितलं तर पडका वाडगा वाटावा. पण आतली भिंत वर जाईल तशी आत झुकत आलेली, मडक्याच्या तोंडासारखी. उताराच्या अंगाला बाहेरची जमीन भिंतीच्या काठाला भिडलेली असते, त्यामुळं लांडगा सहज काठावर येतो. आत जिवंत कोकरू बांधायचं. लांडगा उडी टाकतो. खाली गेल्यावर त्याला वर यायला वाट नसते. कारण भिंत चढायला जावं तसतशी ती डोक्यावर येते. सकाळी सगळं गाव जमायचं आणि सगळ्यांनी मिळून वरनं दगड टाकायचे.

"सगळ्यांनी का?" मी विचारलं.

मेमेनं हातानं हवेत भाकरी मोडावी तसं केलं. पाप वाटून घ्यायचं, असा मी त्याचा अर्थ लावला. कोणाच्या दगडानं मेला ते कळू नये. बुद्धाला मानणारी माणसं; मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून बघून चालणारी. त्या खड्ड्याच्या काठावर उभा राहिलो तेव्हा मला थोरल्याची बाटली आठवली. त्यानं बिचाऱ्यानं एकट्यानं केलं होतं.

तो खड्डा बऱ्याच वरसांत वापरला नव्हता. आत वाळू साचली होती.

आता कुत्र्यांचं सांगतो. त्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही.

तळावर एवढी माणसं जेवायची, तर रोज उरायचं पण. ते मागं एका खड्ड्यात टाकलं जायचं. त्याच्यावर कुत्री जमली. पहिल्या हिवाळ्यात सहा-सात होती. आमची पोरं एकटी, घरापासून दोन हजार मैल. कुत्र्याला जीव लावणार नाहीत तर कुणाला? प्रत्येकाचं एक कुत्रं. माझा एक पिवळसर नर होता, डावा कान फाटलेला. मी त्याला मोत्या म्हणायचो नाही. ते नाव तोंडातनं निघेना. राजा म्हणायचो. रात्रपाळी संपली की माझ्या वाट्याच्या दोन रोट्या त्याच्या. उणे पंचवीसमध्ये तो माझ्या बुटांवर झोपायचा. धनगराच्या पोराला कुत्रं ओळखतं, असं मी अभिमानानं सांगायचो.

दुसऱ्या हिवाळ्यात वीसच्या वर झाली. उन्हाळ्यात तळावरची माणसं कमी झाली, उरणारं जेवण कमी झालं. कुत्री कमी झाली नाहीत.

जून महिन्यातली सकाळ. मेमेचा नातू, दहा-बारा वर्षांचा, पळत तळापर्यंत आला. रात्री कळपातल्या नऊ बकऱ्या मेल्या होत्या. मी गाडी काढून गेलो. तंबूबाहेर माणसं जमली होती. मेमेची म्हातारी एका पाटीच्या मानेवर हात ठेवून बसली होती. सगळे म्हणत होते, शंकू, शंकू.

मी मेलेल्या बकऱ्यांजवळ बसलो. लांडगा मारतो तेव्हा गळा धरतो. दाताची चार भोकं नेमकी नरडीला. आज्यानं मला सहा वर्षांचा असताना बोट धरून दाखवलं होतं. इथं मांड्या फाडलेल्या होत्या. शेपटीखाली ओरबाडलेलं, कान तुटलेले, पोटाला चावे. दोन बकऱ्या अजून जिवंत होत्या. हे लांडग्याचं काम नव्हतं. ज्यांना मारता येत नाही आणि पोटाला पण पाहिजे, त्यांचं काम होतं. आणि मातीत पायाचे ठसे होते, अकरा-बारा जनावरांचे, पसरलेल्या बोटांचे, इकडनंतिकडं पळालेले. लांडगा एका माळेत चालतो.

मला सगळं कळलं आणि मी काही बोललो नाही. तळावर आलो. राजा माझ्या दाराशी पडला होता. त्यानं शेपूट हलवली. त्याच्या छातीवरचे केस वाळलेल्या रक्तानं चिकटलेले होते.

का बोललो नाही, याची कारणं त्या वेळी मी स्वतःला बरीच दिली. तळाचं नाव खराब होईल. वरिष्ठांनी कुत्री मारायला सांगितली तर? आणि मेमे काय म्हणेल? ज्यानं चहा पाजला त्याच्या तोंडावर कसं सांगायचं, की तुझ्या बकऱ्यांवर जे सुटलंय ते मी माझ्या ताटातलं घालून वाढवलंय? चार दिवस असे गेले. चार दिवसांत त्यांनी शांगदोंगातली वाळू उपसली आणि आत एक कोकरू बांधलं.

पाचव्या दिवशी नातू पुन्हा आला. शंकू पडला होता.

तो आमच्याकडच्या लांडग्यापेक्षा दांडगा होता. दाट केसांचा, फिक्या रंगाचा, तोंडाकडं पांढरा. एकटाच. कोकराला त्यानं मारलं होतं पण खाल्लं नव्हतं. भिंतीला पाठ लावून तो उभा होता आणि वर आमच्याकडं न बघता समोरच्या दगडाकडं बघत होता. काठावर वीस-पंचवीस माणसं. बायका, पोरं. प्रत्येकाच्या पायाशी दगड. मी मेमेजवळ गेलो, त्याला बाजूला घेतलं आणि माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, की याच्यानं झालं नाही. कुत्र्यांनी केलं. तळावरच्या.

मेमे माझ्याकडं बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मालूम है."

त्यालाही पहिल्या सकाळीच कळलं होतं. कळणारच. साठ वर्षं बकऱ्या राखलेला माणूस तो, त्याला माझ्याकडनं दात शिकायचे होते का? मी विचारलं, मग? तो जे म्हणाला ते हिंदीत तीन-चार शब्दांचंच होतं. कुत्री तुमची. तुमच्यावर दगड कोण टाकणार?

मग तो परत काठावर गेला. मी गाडीकडं चालत निघालो. दगडाचा आवाज पहिल्यांदा एकेक येत होता, मग सगळे मिळून.

मी दगड टाकला नाही. आयुष्यभर हे मी माझ्या बाजूनं मोजत आलोय. आणि प्रत्येक वेळी ती चार दिवसांची गप्प बसणी शेजारी येऊन बसते.

रोट्या टाकणं मी बंद केलं. बाकीच्यांनी केलं नाही. त्यांना मी कारण सांगितलं तर म्हणाले, कुत्र्याची जात, पोटाला लागणारच. राजा पुढं महिनाभर रात्रपाळीनंतर दाराशी येऊन बसायचा. ऑक्टोबरात माझी बदली झाली. आज लडाखात अशी मोकाट कुत्री हजारोंनी आहेत; काही फौजेच्या उष्ट्यावर वाढलेली, काही शहराच्या आणि पर्यटकांच्या कचऱ्यावर. ती बकऱ्या मारतात, मार्मोट मारतात, काळ्या मानेच्या क्रौंचाची अंडी आणि पिलं खातात. आता त्यांची नसबंदी करतात, पण मुलूख केवढा. पेपरात त्याविषयी काही आलं की मी ते पान पूर्ण वाचतो. घरात कुणाला दाखवत नाही.

२००८ ला पेन्शन घेऊन आलो. आबा गेले होते. थोरल्याकडं दोनशेची साठ मेंढरं राहिली होती. माळ राहिला नव्हता. काही ठिकाणी वनीकरणाचे चर, काही ठिकाणी पवनचक्क्या, काही ठिकाणी नुसते तारेचे कुंपण आणि आत काहीच नाही. जिथं मेंढरू चरत नाही तिथं लांडगा तरी काय करणार? हरीण गेलं, ससा कमी झाला. तो आमच्याच मागं मागं फिरतो. कायद्यानं तो वाघाच्याच बरोबरीच्या यादीत आहे, पहिल्या अनुसूचीत. देशात वाघ कितीक, ते शाळेतली पोरं सांगतात. लांडगे त्याच्यापेक्षा फार जास्त नाहीत, हे मास्तरांना पण ठाऊक नसतं.

मेंढरू मारलं तर सरकारी भरपाई मिळते. मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही, कळवायचं, पंचनामा होईपर्यंत थांबायचं. नियम ज्यानं केला तो घरात राहणारा माणूस असणार. आमचा वाडा रोज हलतो. दहा वर्षांमागं थोरल्याची चार कोकरं गेली. मी फोन लावला. माणूस तिसऱ्या दिवशी आला. तोवर दोन कोकरं कुत्र्या-कावळ्यांनी नेली होती, आणि ज्याच्या रानात बसलो होतो तो शेतकरी पेरणी खोळंबली म्हणून शिव्या देत होता. पैसे दोन कोकरांचे आले, आठ महिन्यांनी. थोरला म्हणाला, "पुढल्या बारीला फोन करू नगं."

मेमेचा तो नातू आता गाडी चालवतो, पाहुण्यांना फिरवतो. माझा नंबर त्यानं कुठनं तरी मिळवला. सात-आठ वर्षं झाली, त्यानं मोबाईलवर दोन फोटो धाडले. चुशूल गावच्या लोकांनी आपले शांगदोंग मोडले होते. मोडले म्हणजे पाडले नाहीत. भिंतीचा एक भाग काढून वाट केली, आत पडलं तर जनावर चालत बाहेर येईल अशी. पूर्वजांनी रचलेले दगड, म्हणून बाकीचं तसंच ठेवलं. आणि शेजारी एक पांढरा स्तूप बांधला. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनची माणसं गावात बसून बोलत होती, मोठे लामा आले होते, पूजा झाली. दुसऱ्या फोटोत स्तूपाला खतक म्हणजे पांढरं रेशमी वस्त्र बांधलेलं. मी त्याला फोनवर विचारलं, "मेमे?" तो म्हणाला, मेमे आधीच गेले. मग थोडं थांबून म्हणाला, "आप का कुत्ता याद है. कान वाला." तो त्या सकाळी काठावर होता, एवढंच मला सुचलं. मी म्हणालो, हां.

ते फोटो मी थोरल्याला दाखवले, एका रात्री वाड्यावर. सगळी गोष्ट सांगितली, नऊ बकऱ्या, राजा, खड्डा. त्याआधी कुणाला सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. थोरला विडी ओढत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मंग तू तवाच बोलला का न्हाईस?"

मी म्हणालो, "तू बाटली आणलीस तवा आबा का बोललं न्हाईत?"

तो उठून मेंढरांकडं गेला. मी म्हणालो नसतो तर बरं झालं असतं, असं मला लगेच वाटलं.

गेल्या पौषात वाडा पुन्हा इंदापूरच्या अंगाला होता. थोरला आता साठीच्या पुढं. गुडघ्यानं काम सोडलंय, तरी जातो. मी आठवडाभर त्याच्या सोबतीला गेलो होतो. दुपारी गावातली दोन पोरं पळत आली. ओढ्याच्या दरडीत बीळ सापडलं होतं, आत पिलं. पोरांच्या हातात पाला आणि काडेपेटी. धूर करून बाहेर काढणार, म्हणाली. थोरल्यानं त्यांच्या हातातनं काडेपेटी घेतली, खिशात टाकली आणि म्हणाला, "दाखवा." मीही गेलो. तो गुडघ्यावर बसून बिळात वाकला. बराच वेळ वाकलेला होता. आतनं बारीक कुंईकुंई येत होतं. आपल्याला ऐकू येतंय का आजालाच येत होतं, असं एक क्षण वाटून गेलं.

"किती हायत?" मी विचारलं.

"चार."

माघारी येऊन त्यानं वहिनीला सांगितलं, आवराय लाग, वाडा हलवायचाय. वहिनी चिडली. चूल पेटलेली, पीठ मळलेलं. ज्याच्या रानात बसलो होतो त्यानं अजून तीन रात्रींची ज्वारी कबूल केली होती, ती गेली. शेतकरी म्हणाला, खुळं लागलं का काय? थोरला काही बोलला नाही. पोरांना त्यानं शंभर रुपये दिले, आणि तिकडं पुन्हा गेलात तर तंगड्या मोडीन म्हणाला. काडेपेटी दिली नाही. आम्ही ओढा ओलांडून अर्धा कोस वर, खडकाळ माळाला तळ टाकला. तिथं धड गवतही नव्हतं.

अंधार पडता पडता वाघूर लावली. थोरल्याचे डोळे आता संध्याकाळी दगा देतात, म्हणून मोजायला मी उभा राहिलो. सव्वीस जोड्या आणि एक. पाहिजे होती त्यापेक्षा एक कमी. मी पुन्हा मोजली. थोरल्यानं बॅटरी घेतली आणि ओढ्याच्या दिशेनं गेला. उजेड हलत हलत लांब गेला, दरडीपाशी थांबला, मग माघारी फिरला. यायला त्याला गुडघ्यामुळं वेळ लागला.

"काय?" मी म्हणालो.

त्यानं बॅटरी विझवली, घोंगडं झटकलं आणि चुलीपाशी बसला.

"काय न्हाय," तो म्हणाला. "भाकरी वाढ म्हणावं."